डेटाबेस लायब्ररी आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातली एक छोटी कंपनी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. डेटाबेस म्हणून बहुतेक ग्राहकांकडे मायएसक्यूएल, काहींकडे ओरॅकल, एकाकडे एसक्यूएल सर्व्हर, आणि नव्या ग्राहकांना पोस्टग्रेस हवं. म्हणून प्रश्नकर्त्याने पीएचपी भाषेत एक डेटाबेस ॲबस्ट्रॅक्शन लायब्ररी, म्हणजे कुठल्याही डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलू देणारा तयार कोड, लिहिली, दोन वर्षं कामात वापरली आणि आता ओपन सोर्स केली. त्यावर शहरातल्याच दुसऱ्या एका डेव्हलपरने जाहीर आरोप केला, की ही माझ्या लायब्ररीची नक्कल आहे, मेथडची (फंक्शनची) नावंसुद्धा तीच. आता प्रश्नकर्ता विचारतो: नावं बदलू, की सगळं गुंडाळून ठेवू? आणि या प्रकारच्या कामात ‘ओरिजिनल’ म्हणायचं तरी कशाला?

यात तीन वेगळे प्रश्न एकाच भांड्यात शिजतायत. नावं सारखी असणं, कल्पना सारखी असणं आणि कोडच्या ओळी सारख्या असणं. पहिल्या दोन्हींसाठी झोप घालवायचं कारण नाही. तिसरं खरं असेल तर मात्र आजच हातात घ्या. तुमच्या बाबतीत तिसरं खरं आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. शिवाय लायब्ररी कंपनीच्या वेळात लिहिली का, हा चौथा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. त्याकडे शेवटी न ठेवता मध्येच येतो.

आधी नावं. सिलेक्ट, व्हेअर, ऑर्डर बाय, लिमिट हे शब्द एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतूनच येतात, त्यामुळे असे प्रश्न (क्वेरी) रचून देणारा क्वेरी बिल्डर लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मेथड एकमेकींच्या बहिणी दिसणारच. ॲक्टिव्ह रेकॉर्ड, डेटा मॅपर, युनिट ऑफ वर्क, आयडेंटिटी मॅप ही डेटाबेस हाताळण्याच्या रीतींची नावं सॉफ्टवेअरवरचे लेखक मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्ये पुस्तकात मांडली. रुबीच्या रेल्सने त्यातलं पहिलं थेट आपल्या लायब्ररीला दिलं, पायथनच्या एसक्यूएलअल्केमीने बाकीचं बरंच उचललं. कुणी कुणाला चोर म्हटलं नाही, कारण फाउलरही आधीपासून चालत आलेल्या रीतींना नावं देत होते.

पीएचपीचा इतिहास तर तुमच्या भांडणाची जुनी आवृत्तीच वाटावी. २००० च्या सुमारास पेअर डीबी, मॅन्युएल लेमोस यांचं मेटाबेस आणि जॉन लिम यांचं एडीओडीबी अशा तीन लायब्ररी शेजारी शेजारी उभ्या होत्या. एडीओडीबीचं नावच मायक्रोसॉफ्टच्या एडीओ या डेटाबेस लायब्ररीवरून घेतलेलं. रेकॉर्डसेट, मूव्हनेक्स्ट, ईओएफ हे शब्दही तिकडचेच, म्हणजे एएसपी या मायक्रोसॉफ्टच्या वेब तंत्रातून येणाऱ्या माणसाला घरच्यासारखं वाटावं. पानांकन करायला, म्हणजे ‘विसाव्या ओळीनंतरच्या दहा ओळी द्या’ म्हणायला, पेअर डीबीत लिमिटक्वेरी होती आणि एडीओडीबीत सिलेक्टलिमिट. काम तेच, पण एकीत आधी ‘कुठून’ आणि मग ‘किती’, दुसरीत आधी ‘किती’ आणि मग ‘कुठून’. एकीकडून दुसरीकडे जाताना १० आणि २० ची जागा बदलायची राहिली, की एरर येत नाही, नुसतं चुकीचं पान येतं. असल्या चुका सापडायला महिने लागतात. म्हणून एडीओडीबीने पेअर डीबीची हुबेहूब नक्कल करणारी एक फाइलच सोबत दिली: जुना कोड न बदलता इकडे या. इथे नक्कल ही ग्राहकाची सोय होती आणि तसं उघड सांगितलेलं होतं.

पुढे लुकास स्मिथ यांनी पेअर डीबी आणि मेटाबेस यांचा मेळ घालून एमडीबी आणि मग एमडीबी२ उभी केली. डॉक्ट्रिन या पीएचपीतल्याच लायब्ररीने त्यातला काही भाग घेतला, आणि डॉक्ट्रिनच्या त्या फाइलींच्या माथ्यावर स्मिथ यांचं नाव ‘पेअर एमडीबी२ लायब्ररी’ अशा उल्लेखासह ठेवलं. दरम्यान २००५ मध्ये पीएचपी ५.१ सोबत पीडीओ, म्हणजे पीएचपीचा स्वतःचाच डेटाबेस जोडणारा थर, आलं. त्याने जोडणी, प्लेसहोल्डर (क्वेरीत किंमत बसवायच्या खुणा) आणि ओळी वाचणं एकसारखं केलं, पण तुमचं एसक्यूएल बदलून द्यायची जबाबदारी घेतली नाही. खालचा थर असा सामायिक झाल्यावर स्पर्धा वर सरकली. आज पीएचपीत ‘आम्ही पाच डेटाबेसना एकाच पद्धतीने जोडतो’ हे वेगळेपण म्हणून सांगण्यात काही राम नाही.

पायथनची गोष्ट आणखी मजेदार. पेप २४९ हा ड्रायव्हरसाठीचा, म्हणजे डेटाबेसशी जोडणाऱ्या कोडसाठीचा, करार. क्वेरीत किंमत कुठे बसवायची याची खूण काय असावी, यावर एकच उत्तर ठरवण्याऐवजी त्याने पाच शैलींना मान्यता दिली: प्रश्नचिन्ह, आकडा, नाव आणि छपाईच्या सूत्रासारख्या दोन. ड्रायव्हरने आपली शैली कोणती ते एका चलात जाहीर करायचं, की झालं. करार झाला, मतभेदही शाबूत राहिले.

तेव्हा नावं बदलू नका. बदललीत तर तुमचेच वापरकर्ते अडकतील, आणि गुन्हा नसताना कबुलीजबाब दिल्यासारखं दिसेल. अपवाद पॅकेजच्या नावाचा. ते समोरच्याच्या नावाशी इतकं जुळत असेल की पॅकेजिस्टवर, म्हणजे पीएचपी पॅकेजच्या यादीत, शोधणारा गोंधळेल, तर ते बदला. तिथे तुमचा हेतू काय होता हे कुणी विचारत नाही.

कायद्याचं थोडक्यात. भारतात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला कॉपीराइट कायदा, १९५७ खाली साहित्यकृतीसारखं संरक्षण आहे. ते लिहिलेल्या कोडला आहे, त्यामागच्या कल्पनेला नाही. कायदेशीररीत्या मिळालेला प्रोग्रॅम चालवून, निरखून त्यामागची तत्त्वं समजून घेण्याची मुभा कलम ५२ देतं. मेथडच्या घोषणा उचलण्याबद्दलचा सर्वात गाजलेला खटला अमेरिकेतला, गूगल विरुद्ध ओरॅकल. जावाच्या सुमारे ११,५०० ओळींच्या घोषणा गूगलने घेतल्या होत्या, आणि २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी तो वाजवी वापर ठरवला. घोषणांवर मुळात कॉपीराइट लागतो का, या प्रश्नाला मात्र न्यायालयाने हात लावला नाही. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळतं. पैशांची मागणी किंवा वकिलाची नोटीस आली असेल, तर फोरमवरच्या उत्तरावर विसंबू नका.

आता ओळी. आरोप खरा की खोटा हे तपासताना मी मेथड बघत नाही, तक्ते बघतो. प्रत्येक ॲबस्ट्रॅक्शन लायब्ररीत तीन कंटाळवाणे तक्ते असतात: डेटाटाइपची जुळणी, एरर कोडची जुळणी आणि राखीव शब्दांची यादी. कंटाळवाणे असल्यामुळे तेच उचलले जातात. यादीतली माहिती सार्वजनिक आहे, ती दोघांकडे सारखी असणं स्वाभाविक. पण चूक सारखी असणं स्वाभाविक नसतं. दोघांच्या यादीत तोच शब्द दोनदा असेल, त्याच एका एरर कोडला तोच चुकीचा अर्थ दिला असेल, किंवा कॉमेंटमध्ये तीच टायपो असेल, तर वाद तिथेच संपतो. मग गिट लॉगमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, ती फाइल पहिल्यांदा कधी आणि कशी आली ते पाहा. चारशे ओळींची फाइल एकाच कमिटमध्ये (नोंदीत), पहिल्याच फटक्यात बिनचूक आली असेल, तर ती कुठून तरी आलेली आहे. तुमच्याकडून नसेल तर टीममधल्या कुणाकडून, किंवा कोड सुचवणाऱ्या एआय सहायकाकडून. चाचण्यांचा नमुना डेटाही बघा. कोड घासूनपुसून बदलणारे लोक त्यातली नावं बदलायला विसरतात.

काही सापडलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा एका दिवसाचं काम असतं. मूळ लायसन्स एमआयटी किंवा बीएसडी असेल, तर त्यांची कॉपीराइट नोंद आणि लायसन्सचा मजकूर तुमच्या प्रतीत ठेवायचा, एवढीच अट. अपाची २.० असेल तर बदललेल्या फाइलींवर बदल केल्याची नोंद हवी, आणि मूळ लायब्ररीसोबत नोटीस फाइल असेल तर तीही पुढे न्यायची. एलजीपीएल असेल तर तो भाग एलजीपीएलच राहतो. वर एमआयटीची पाटी लावून तो एमआयटीचा होत नाही. ते नको असेल तर तो भाग काढा आणि ज्याने तो कोड कधी उघडलेला नाही अशा माणसाला फक्त डेटाबेसची अधिकृत कागदपत्रं देऊन पुन्हा लिहायला सांगा. तुम्ही स्वतः पुन्हा लिहू नका, बोटांना जुनं आठवतं. आणि गिटचा इतिहास पुसायच्या फंदात पडू नका. श्रेय देणारी कमिट वर चढवा आणि जुनं तसंच राहू द्या.

नोकरीचं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. तुमची लायब्ररी कंपनीच्या उत्पादनासाठीच जन्मली. तेव्हा कुठल्या रिपॉझिटरीला कुठल्या लायसन्सखाली परवानगी, हे लिहिलेलं कंपनीचं पत्र घ्या. तोंडी ‘हो, टाक की’ चालत नाही. नक्कल केल्याच्या आरोपापेक्षा हा धोका मला मोठा वाटतो, आणि हिंजवडीपासून खराडीपर्यंत तो सगळेच विसरतात.

आता मुख्य मुद्द्याकडे. पुण्यात दुकानावर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी असते. आपल्या व्यवसायात ही पाटी कुणालाच लावता येत नाही, प्रत्येक जण कुणाची तरी शाखा आहे. मग वेगळेपण राहतं कुठे? माझ्या मते एकाच ठिकाणी: डेटाबेसमधला कोणता फरक झाकायचा, कोणता उघडा ठेवायचा आणि झाकताना कोणती किंमत मोजायची, या निवडीत. त्या निवडी चाचण्यांत दिसतात. लायब्ररी जोखायची असेल तर मी रीडमी (लायब्ररीची ओळख करून देणारी फाइल) बाजूला ठेवून टेस्टचं फोल्डर उघडतो.

तुमच्याच कामातली उदाहरणं घेऊ. सभासदाच्या पत्त्यात शहरासाठी ३० लांबीचा रकाना आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त धरून, ३ बाइट घेतं. ‘महाराष्ट्र’ वाचायला चार अक्षरं, पण आत १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. ‘पिंपरी-चिंचवड’ ३७ बाइट. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ३० म्हणजे ३० चिन्हं समजतात, तिथे दोन्ही आरामात बसतात. ओरॅकलमध्ये मुळातली सेटिंग असेल तर ३० म्हणजे ३० बाइट: महाराष्ट्र काठोकाठ बसतो आणि पिंपरी-चिंचवडला ओआरए-१२८९९ ही ‘किंमत रकान्यात मावत नाही’ सांगणारी एरर येते. एसक्यूएल सर्व्हरवर साधा व्हारचार (मजकुराचा रकाना) वापरलात तर जुन्या कोलेशनमध्ये (अक्षरं आणि त्यांचा क्रम ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात, आणि तीही एरर न देता. तिथे युनिकोड ठेवणारा एनव्हारचारच हवा. एसक्यूएलाइट हा एका फाइलीतला छोटा डेटाबेस तर ३० कडे बघतही नाही. म्हणून चाचण्या एसक्यूएलाइटवर हिरव्या आल्या याचा अर्थ जवळजवळ शून्य. तुमची लायब्ररी ‘लांबी ३०’ ऐकल्यावर काय करते? ओरॅकलला स्पष्टपणे ‘३० चिन्हं’ (३० CHAR) असं सांगते, की बाइट समजून गप्प बसते? ही झाली निवड.

रिकामी स्ट्रिंग घ्या. ओरॅकल तिला नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, मानतं. ‘मधलं नाव रिकामं’ असलेले सभासद शोधणारी क्वेरी मायएसक्यूएलवर शंभर ओळी देते आणि ओरॅकलवर एकही नाही, कारण नलची बरोबरी कशाशीच होत नाही. झाकायचं असेल तर सगळीकडे रिकाम्याला नल करावं लागतं, आणि मग ‘माहीत नाही’ आणि ‘नाहीच’ यातला फरक बाकीच्या डेटाबेसमध्येही मरतो. मी तो सक्तीने झाकत नाही, पर्याय म्हणून देतो. दुसरा कुणी उलट ठरवेल आणि तेही चालेल. फक्त ते ठरवलेलं असावं, घडलेलं नसावं.

ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे सगळी लागू किंवा एकही नाही अशा विधानांच्या जुडीचा, फरक सगळ्यात जास्त दगा देतो. ‘आधी इन्सर्ट करा, डुप्लिकेट आलं तर पकडा आणि अपडेट करा’ ही रीत मायएसक्यूएलवर चालते, कारण तिथे फसलेलं विधान तेवढं मागे घेतलं जातं आणि ट्रान्झॅक्शन जिवंत राहतं. पोस्टग्रेसवर एक विधान फसलं की पूर्ण ट्रान्झॅक्शन नासतं. रोलबॅक (सगळं मागे घेणं) होईपर्यंत पुढची प्रत्येक क्वेरी २५पी०२ ही एरर देते. उपाय दोन. प्रत्येक धोक्याच्या विधानाआधी सेव्हपॉइंट (तिथवर परत येण्याची खूण) टाकायचा, म्हणजे सर्व्हरकडे जादा फेऱ्या. नाहीतर पोस्टग्रेस ९.५ पासूनचं ऑन कॉन्फ्लिक्ट आणि मायएसक्यूएलचं ऑन डुप्लिकेट की यांवर एक सामायिक मेथड बांधायची. दुसरा मार्ग चांगला, पण त्यातही खोच आहे: मायएसक्यूएल नवी ओळ घातली तर १ मोजतं, जुनी बदलली तर २, आणि किंमत तीच असेल तर ०. कुणी या आकड्यावरून ‘एक सभासद बदलला’ असा संदेश दाखवत असेल तर पंचाईत. साध्या अपडेटमध्येही मायएसक्यूएल मुळात फक्त खरोखर बदललेल्या ओळी मोजतं, बाकीचे जुळलेल्या ओळी मोजतात. पीडीओत जुळलेल्या ओळी मोजण्यासाठी FOUND_ROWS हा पर्याय आहे, तो जोडणी करतानाच द्यावा लागतो.

टेबल बदलणारी मायग्रेशन ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळली की निर्धास्त, असं पोस्टग्रेसवाल्यांना वाटतं आणि ते बरोबर आहे. मायएसक्यूएल आणि ओरॅकल टेबल बदलताना न विचारता कमिट करून टाकतात, म्हणजे तोवरचे बदल पक्के करतात. पीएचपी ८ मध्ये त्यानंतर कमिट म्हटलं, की पीडीओ ‘चालू ट्रान्झॅक्शनच नाही’ म्हणून अपवाद फेकतं. तो गिळून टाकणाऱ्या लायब्ररी मी पाहिल्या आहेत. गिळू नका, त्या माणसाला कळलंच पाहिजे की अर्धी मायग्रेशन लागली आहे.

मर्यादांची चाचणीही हवीच. ‘यांपैकी कुठलंही’ म्हणणाऱ्या इनच्या कंसात ओरॅकल पारंपरिकपणे १,००० किमतींवर थांबतं, एसक्यूएल सर्व्हर एका विनंतीत २,१०० पॅरामीटरच्या आसपास, पोस्टग्रेस ६५,५३५ वर. दहा हजार खात्यांची यादी आली तर तुकडे कोण करणार, लायब्ररी की वापरणारा? आणि तुकडे केल्यावर ऑर्डर बायचा अर्थ उरत नाही, हे कोण सांगणार? पैशांच्या रकान्याचंही तसंच. पीडीओ मायएसक्यूएलचा डेसिमल स्ट्रिंग म्हणून देतं, एसक्यूएलाइट तीच रक्कम फ्लोट म्हणून साठवतं. पतसंस्थेच्या व्याजात पैशाचा फरक पडला की ऑडिटर आधी तुम्हालाच फोन करणार.

मग स्पर्धेचं काय? समोरचा बहुधा पुढचं पाऊल म्हणून वेगाचे आकडे टाकेल. ते बघताना आधी दोन्ही लायब्ररींनी पाठवलेल्या क्वेरी डेटाबेसच्या लॉगमध्ये ताडून पाहा. पन्नास सभासद आणि त्यांची कर्जं दाखवताना एकीने ५१ क्वेरी केल्या आणि दुसरीने २, तर तुलना वेगाची नाही, वापराच्या पद्धतीची झाली. पीडीओ मायएसक्यूएलवर मुळात प्रिपेअरचं (क्वेरी आधी आणि किमती नंतर पाठवण्याचं) सोंग करतं, खरं प्रिपेअर सर्व्हरवर होत नाही. एकीकडे सोंग आणि दुसरीकडे खरं असेल, तर एका क्वेरीमागे एक फेरी वाढते. शिवाय चाचणी एकाच मशिनवर केली की लायब्ररीचा खर्च फुगून दिसतो. धरा, एका पानावर ४० क्वेरी आहेत आणि दोन लायब्ररींत दर क्वेरीमागे २० मायक्रोसेकंदांचा फरक आहे: एकूण ०.८ मिलिसेकंद. डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर आणि प्रत्येक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची असेल, तर नुसत्या फेऱ्यांचे २० मिलिसेकंद. तुम्हाला आकडे टाकायचेच असतील तर लायब्ररीविना थेट ड्रायव्हरचा आकडा तिसरा म्हणून शेजारी ठेवा, सरासरीऐवजी मध्यक आणि ९९ वा शतमक द्या, आणि छापण्याआधी कोड समोरच्याला पाठवून त्याच्या बाजूची मांडणी त्यालाच सुधारू द्या. तो नाही म्हणाला तर तेही लिहा.

आरोपाला उत्तर लहान ठेवा. कोणत्या फाइलीतल्या कोणत्या ओळी, एवढंच विचारा. ओळी दाखवल्या आणि खऱ्या निघाल्या, तर आभार मानून श्रेय द्या. ‘स्टाइल सारखी आहे’ असं उत्तर आलं, तर रीडमीत ‘प्रेरणा’ म्हणून त्याच्या लायब्ररीसह आधीच्या सगळ्यांची नावं घाला आणि पुढच्या कामाला लागा. त्याची लायब्ररी तुम्ही खरंच कधी उघडलेली नसेल, तर ‘प्रेरणा’ऐवजी ‘याच प्रकारच्या इतर लायब्ररी’ म्हणा. खोटं श्रेयही खोटंच.

दोन्ही लायब्ररी एकत्र करा असं मी सुचवणार नाही. दोघांच्या निवडी वेगळ्या असतील तर जोडताना एकाच्या तरी मोडाव्या लागतात. चाचण्या मात्र सामायिक करता येतात. वेगळी रिपॉझिटरी, एमआयटी लायसन्स. प्रत्येक प्रसंगासाठी टेबल, डेटा, विनंती आणि प्रत्येक डेटाबेसवर अपेक्षित उत्तर. प्रत्येक लायब्ररीने फक्त आपला छोटा ॲडॉप्टर लिहायचा. जिथे दोघांची निवड वेगळी, तिथे अपेक्षित उत्तरं दोन ठेवायची आणि कारण शेजारी लिहायचं.

पहिली चाचणी सभासद यादीच्या क्रमाची घाला. युनिकोडच्या नुसत्या आकड्यांनी लावली तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये पडतो, म्हणून काळे आधी आणि कावरे नंतर येतात. मराठी वर्णक्रमात ‘ळ’ची जागा ‘ह’नंतर. क्षीरसागर ‘क’च्या शेपटाला, ‘ख’च्या आधी जातात, जिथे पतसंस्थेचा एकही कारकून त्यांना शोधणार नाही. पोस्टग्रेस १० पासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं कोलेशन वापरता येतं. ते मराठीसाठी लावून हवा तो क्रम येतो का बघा, बाकीच्या डेटाबेसवर क्रमासाठी वेगळा रकाना ठेवावा लागेल का तेही बघा. पहिल्या दिवशी ही चाचणी तुम्हा दोघांच्याही लायब्ररीत नापास होईल, अशी माझी पैज आहे.